पडणाऱ्याकडे बघा
(माजी विद्यार्थिनी, दहावी मार्च १९९८ ची तुकडी)

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवाव्यात, असे संपादक मंडळाने कळवले आहे. सहली, स्नेहसंमेलने, बक्षीस समारंभ या विषयांवर इतर तुकड्यांतील मंडळी माझ्यापेक्षा चांगले लिहितील, याची मला खात्री आहे. मी ज्या गोष्टीविषयी लिहिणार आहे तिची नोंद शाळेच्या एकाही वार्षिक अहवालात सापडणार नाही, परंतु १९९२ ते १९९८ या काळात या इमारतीत वाढलेल्या आमच्या पिढीची मधली सुट्टी बहुतांशी तिनेच व्यापलेली होती. ती गोष्ट म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती, ती भरवणाऱ्या कंपनीच्या नावावरून आमच्या तेव्हाच्या बोलीत ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’.

आपला कोल्हापूर जिल्हा कुस्तीचा. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेले खासबाग मैदान, गंगावेस आणि मोतीबाग या तालमी, शेजारच्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव ही नावे आमच्या घरी जेवताना सहज निघत असत. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मैदान भरले की आजोबा आणि दादा फेटा-टोपी घालून दुपारीच निघत, हलगीचा आवाज आमच्या माडीपर्यंत येई, आणि रात्री कोणी कोणाला कोणत्या डावावर अस्मान दाखवले याची चर्चा रंगे. मी ती चर्चा मन लावून ऐकत असे. मैदानावर मात्र मला कोणी कधी नेले नाही, कारण बायकामुलींनी कुस्त्या बघायला जाण्याची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती, आणि तालमीच्या उंबऱ्याच्या आत तर आम्हाला मज्जावच होता. घिस्सा, ढाक, एकेरी पट हे डाव मला नावाने पाठ होते, पण डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. दूरचित्रवाणीवर परदेशी पैलवान दिसू लागले तेव्हा मी पडद्यासमोर इतकी खिळून का बसले, याचे कारण मला वाटते इथेच आहे. कुस्ती प्रथमच मला बसून पाहता येत होती आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.

शेजारच्या काकूंकडे केबलची जोडणी आमच्या आळीत सर्वांत आधी आली. स्टारच्या क्रीडा वाहिनीवर संध्याकाळी या लढती लागत, आणि वीज गेली नाही तर काकूंच्या सोप्यात आम्ही मुले दाटीवाटीने बसलेलो असू. माझ्या आठवणीत पहिला ठसा आहे तो अंडरटेकरचा. घंटेचा एक खोल टोल पडे, सभागृहातील दिवे मंद होत, आणि काळा अंगरखा आणि रुंद कडांची काळी टोपी घातलेला तो सहा फूट दहा इंचांचा माणूस कसलीही घाई न करता रिंगणाकडे चालत येई. त्याच्या पुढे पॉल बेअरर नावाचा फिकट चेहऱ्याचा गृहस्थ दोन्ही हातांत अस्थिकलश धरून चाले. टोपी काढल्यावर अंडरटेकर डोळ्यांची बुबुळे वर फिरवी आणि नुसता पांढरा भाग दिसे, तेव्हा काकूंचा धाकटा मुलगा दरवेळी उठून स्वयंपाकघरात जात असे. आजोबांनी हे एकदाच पाहिले आणि ‘ही नुरा कुस्ती हाय’ एवढाच निकाल देऊन ते उठले. ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे याहून मोठी शिवी नाही. आजोबांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरूनच होते. खुद्द त्या कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला खेळ ही करमणूक आहे असे सांगितले होते, हे मी पुढे कॉलेजात असताना वाचले. पण त्या वयातही आम्हा मुलांना ते कळत नव्हते असे नाही. आम्हाला ओढ होती ती पुढे काय होणार याची.

शाळेत या ओढीला आकार दिला तो कार्डांनी. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या त्या संचातील प्रत्येक कार्डावर एका पैलवानाचे रंगीत छायाचित्र आणि त्याखाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, लढलेल्या आणि जिंकलेल्या लढती असे आकडे छापलेले असत. दोघांनी पत्ते वाटून घ्यायचे, वरच्या कार्डावरचा एक आकडा पुकारायचा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचे कार्ड घ्यायचे. रँकच्या बाबतीत मात्र लहान आकडा मोठा ठरे. अगडबंब योकोझुनाचे कार्ड हाती असले की वजन पुकारायचे आणि समोरच्याने निमूटपणे आपले कार्ड द्यायचे, हे ठरलेलेच होते. दादाचा संच त्याने दहावीनंतर माझ्या हवाली केला. कडा पिसलेला, रबराने बांधलेला तो संच माझ्या कंपासपेटीत कोनमापकाखाली असे. मुलींमध्ये खेळणाऱ्या आम्ही दोघीतिघीच होतो, परंतु मला सगळे आकडे तोंडपाठ असल्यामुळे वाद झाला की मुले निवाड्यासाठी आमच्या बाकाकडे येत, आणि तो मान मला कोणत्याही प्रगतिपुस्तकातील शेऱ्यापेक्षा मोठा वाटत असे.

१९९४ च्या जानेवारीत रॉयल रंबल या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात योकोझुना आणि त्याच्या मदतीला धावून आलेल्या इतर पैलवानांनी मिळून अंडरटेकरला शवपेटीत कोंडले, आणि त्यानंतर कित्येक महिने तो दिसलाच नाही. तो गेला, अशी वार्ता शाळेत पसरली. त्याला सात जन्म आहेत आणि त्यांपैकी अमुक इतके संपले, हा हिशेब तर वर्गावर्गात निराळा होता. ऑगस्टमध्ये शिकागोच्या समरस्लॅममध्ये एकाच रिंगणात दोन अंडरटेकर समोरासमोर उभे राहिले, तेव्हा या अफवांना पुराव्याचे रूप आले. प्रत्यक्षात मूळ अंडरटेकर पाठीच्या दुखापतीमुळे विश्रांती घेत होता, आणि त्याचे सोंग घेतलेल्या दुसऱ्या पैलवानाचे नाव ब्रायन ली होते. पुढे १९९६ साली एका हिंदी चित्रपटात नायकाशी भिडलेला अंडरटेकरही हाच ब्रायन ली, त्यामुळे ‘खरा अंडरटेकर सिनेमात आला होता’ असे छातीठोकपणे सांगणारे माझे वर्गमित्र ज्याला खरा समजत होते तो मुळात त्याच्या जागी उभा केलेला माणूस होता. हे सारे जोडून पाहण्याचे साधन आमच्या गावात तेव्हा नव्हते. अफवा दप्तरातून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात, आणि त्या ऐकण्यातच निम्मे सुख होते.

माझी स्वतःची निष्ठा मात्र अंडरटेकरपाशी थांबली नाही. ती ब्रेट हार्टकडे गेली आणि आजही तिथेच आहे. गुलाबी आणि काळ्या रंगाच्या पोशाखातला, ओले केस मागे वळवलेला हा कॅनडाचा पैलवान रिंगणात उतरण्यापूर्वी आपला आरशासारखा चष्मा पहिल्या रांगेतील एखाद्या लहान मुलाच्या डोळ्यांवर चढवीत असे. त्याचे वडील स्टू हार्ट हे कॅल्गरीतील राहत्या घराच्या तळघरात पैलवान घडवणारे नाणावलेले वस्ताद होते. त्या दांपत्याला बारा मुले, त्यांपैकी आठ मुलगे, आणि आठही जण या ना त्या नात्याने कुस्तीच्या धंद्यात उतरले. घरातच तालीम आणि बापच वस्ताद, हे आमच्या भागातील कोणाला समजावून सांगावे लागले नसते.

मी खऱ्या अर्थाने चाहती झाले ती ब्रेट आणि त्याचा सर्वांत धाकटा भाऊ ओवेन यांच्या लढतीने. ती २० मार्च १९९४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दहाव्या रेसलमेनियाच्या, म्हणजे कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमाच्या, आरंभी झाली आणि आमच्यापर्यंत उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याच्या कॅसेटमधून पोहोचली. मोठ्या भावाच्या सावलीत राहून कंटाळलेला धाकटा आणि त्याच्यावर हात उगारायचा नाही असे म्हणत असलेला थोरला, एवढेच कथानक. परंतु ते दोघांनी शब्दांवाचून मांडले. सुरुवातीला मनगट धरणे, सोडवणे, पुन्हा धरणे; मग ओवेनने एक पकड सुटताच थोरल्याच्या थोबाडीत मारणे; ब्रेटने उगारलेली मूठ क्षणभर हवेत थांबणे. शेवटी ब्रेट त्याच्या खांद्यांवर चढून त्याला गुंडाळायला गेला, ओवेन ऐनवेळी खाली बसला, ब्रेटचे दोन्ही खांदे जमिनीला लागले आणि पंचाने तीन मोजले. धाकटा स्वच्छ जिंकला होता. त्याच रात्री अखेरच्या लढतीत योकोझुना दोरावरून तोल जाऊन पडला आणि ब्रेट जगज्जेता झाला. सगळे पैलवान त्याला खांद्यावर घेण्यासाठी रिंगणात जमले, आणि गर्दीच्या वाटेत एकटा उभा राहून ओवेन ते बघत राहिला. कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाई. त्या चेहऱ्यावरचा भाव ठरवून आणलेला होता, हे मला तेव्हाही माहीत होते, आणि तरीही मला रडू आवरले नाही.

शारीरिक शिक्षणाचे आपले तेव्हाचे सर स्वतः तालमीत घडलेले होते. आम्ही आठवीत असताना एका तासाला मुलांनी त्यांना ‘सर, हे खोटं असतं ना?’ असे विचारले. सर रागावले नाहीत. त्यांनी गादी आणवली, आणि पाठीवर कसे पडायचे ते मुलांना आणि आग्रहाने मुलींनाही शिकवले. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके आपटत नाही. कोपर खाली टेकवायचे नाही, दोन्ही हात पसरून तळवे एकदम जमिनीवर हाणायचे, म्हणजे हादरा अंगभर वाटला जातो. तालमीत हळद, ताक आणि तेल घालून मुरवलेली मऊ माती असते, त्या लोकांच्या रिंगणात लोखंडी सांगाड्यावर फळ्या, वर पातळ गादी आणि कॅनव्हास एवढेच असते, हेही त्यांनी सांगितले. मग ते म्हणाले, ‘पडणाऱ्याकडे बघा रे पोरांनो. पाडणारा कुणीही होईल.’ पहिल्यांदा पाठीवर पडले तेव्हा माझा श्वास अडकला होता, आणि त्या संध्याकाळपासून मी पडदा निराळ्या नजरेने पाहू लागले. समोरच्याने उचलले की आपले सगळे वजन आणि मान त्याच्या हाती सोपवायची, आणि त्याने ती शाबूत जमिनीवर आणायची, हे या खेळाचे खरे कसब आहे. ब्रेट हार्टला त्याचे सहकारी मानत आले ते याच कारणासाठी.

आम्ही दहावीत असताना, ९ नोव्हेंबर १९९७ रोजी मॉन्ट्रियलमध्ये, ब्रेट कंपनी सोडून जाण्याच्या बेतात असताना शॉन मायकेल्सविरुद्धची त्याची लढत त्याला अंधारात ठेवून संपवण्यात आली. मायकेल्सने त्याला त्याच्याच शार्पशूटर पकडीत धरले होते. ब्रेटने हार मानलेली नव्हती, आणि मालक विन्स मॅकमहोन यांनी रिंगणाशेजारी उभे राहून घंटा वाजवायला लावली. निकाल ठरवूनच होतो. पण जे दोघांच्या संमतीने ठरते ते एकाला न सांगता बदलणे हा विश्वासघात होता, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. सराव परीक्षेच्या तयारीच्या दिवसांत आमच्या वर्गात या प्रश्नावरून जितकी भांडणे झाली तितकी भूमितीच्या सिद्धतांवरून झाली नाहीत.

२३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट गेला. छतावरून दोराने रिंगणात उतरण्याच्या तयारीत असताना बांधलेला पट्टा सुटला आणि तो खाली कोसळला. तो ३४ वर्षांचा होता. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि ती बातमी मला शाळेतल्या एका वर्गमैत्रिणीने घरी येऊन सांगितली. त्या रात्रीचा कार्यक्रम कंपनीने पुढे चालू ठेवला. ते मला कधीच पटलेले नाही. न्यूयॉर्कच्या त्या वाटेत उभ्या असलेल्या धाकट्या भावाला आम्ही मुलांनी खलनायक म्हणून हुर्यो केली होती, आणि त्याच्यासाठी आम्ही दोघी आमच्या सोप्यावर बराच वेळ बसून राहिलो.

त्यानंतरची वर्षे भराभर गेली. २००२ मध्ये नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई झाले, आमच्या तुकडीतील मंडळी पांगली, ७ एप्रिल २०१४ च्या सकाळी अंडरटेकरची रेसलमेनियातील २१ विजयांची मालिका ब्रॉक लेस्नरने मोडली तेव्हा कित्येक वर्षे न बोललेल्या वर्गमित्रांचे फोन आले. माझ्या दृष्टीने याहून मोठ्या घटना नंतर घडल्या. २०१७ मध्ये हरियाणाची कविता देवी सलवार-कमीज घालून त्या रिंगणात उतरली, २०१९ च्या रेसलमेनियाची अखेरची मानाची लढत प्रथमच स्त्रियांची झाली, आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आजोबा असते तर या शेवटच्या बातमीवर ते रात्रभर बोलले असते.

महोत्सवाच्या प्रदर्शनात जुनी छायाचित्रे आणि वह्या मांडल्या जाणार आहेत. माझा कार्डांचा संच मी त्यासाठी समितीकडे देत आहे. त्यात रेझर रमोन आणि ओवेन हार्ट यांची कार्डे नाहीत. १९९८ पर्यंतच्या तुकड्यांपैकी कोणाच्या घरी, कोणाच्या जुन्या कंपासपेटीत ती उरली असतील, तर त्यांनी ती सोबत आणावीत. खेळायचे असेल तर मी दुपारच्या जेवणानंतर आठवी ‘ब’ च्या वर्गात बसलेली असेन.