रेशनला गेल्यावर आधी विचारा: मशीनवर नेमकं काय आलं?

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या," असं ऐकलं की लगेच मागे फिरू नका. ई-पॉसवर, म्हणजे दुकानातल्या अंगठा लावायच्या मशीनवर, काय दिसतंय ते विचारा. नेटवर्क गेलं असेल तर उद्या काम होईलही. पण अंगठा जुळत नसेल, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) बाकी असेल किंवा नावच दिसत नसेल, तर ते कारण दूर झाल्याशिवाय नुसते खेटे घालून उपयोग नाही.

सगळ्यात मोठा घोळ केशरी कार्डाचा. कार्ड आहे म्हणजे धान्य आहे, असं नाही. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंब म्हणून नोंद असेल तरच माणशी दरमहा 5 किलो. अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला, मात्र कार्डामागे 35 किलो, घरात माणसं कितीही असोत. जानेवारी 2023पासून हे धान्य फुकट आहे. कुणी "मशीनचा खर्च" मागितला तर देऊ नका. प्राधान्य यादीची उत्पन्नमर्यादा वर्षाला शहरात 59 हजार, खेड्यात 44 हजार. आजच्या मजुरीत दोघं कमावती असली की ती ओलांडलीच म्हणायची! त्यात बसलात तरी तालुक्याचा इष्टांक (ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या) भरलेला असेल तर थांबावं लागतं.

अंगठ्याचं म्हणाल, तर सिमेंटचं काम, धुणीभांडी आणि वय यांनी रेषा झिजतात. हात धुऊन कोरडे करा, दुसरी बोटं लावून बघा, कार्डावरच्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. लहान मुलांचं कारण वेगळं: पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये ठसेच घेतलेले नसतात. आधी आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट, मगच ई-केवायसी.

लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलं, तर सासरी चढत नाही. आधी तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणा.

कामासाठी बाहेरगावी असाल तर त्याच कार्डावर तिथल्या रेशन दुकानातही धान्य मिळतं. फक्त गावाकडच्यांनी त्या महिन्याचं सगळं उचललं, तर तुमच्यासाठी काही उरत नाही. कुणी किती किलो घ्यायचं ते फोनवर आधीच ठरवा.

पावती दर वेळी मागा. तिच्यावरचा आकडा आणि पिशवीतलं वजन जुळत नसेल, तर 1967वर तक्रार करा. नोंदीचीच चूक असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.