नवमीचा भांग आणि तीस फुटांची खांड

आषाढी अमावास्येच्या उधाणाला अलिबागच्या खारेपाटात, खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या एका बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड झालं. तीस फूट रुंद, मधोमध पुरुषभर खोल. ती बुजवली श्रावण शुद्ध नवमीला, आणि त्या पंधरवड्यात दुसरा दिवस चाललाच नसता.

हिशेब जुनाच आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. नवमीला सकाळी पावणेसातला भरती, एकच्या सुमाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, परत भरती सात वाजून गेल्यावर. उजेडाचे सगळे तास हाताशी, शिवाय भांग, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती. मुंबईच्या बाजूला उधाणाचं पाणी सरासरी ४.४ मीटर चढतं, भांगाचं ३.३. म्हणजे साडेतीन फूट कमी. खोट एकच, भांगाला सुकतीही अर्धवटच उतरते. खांडीच्या तळाशी गुडघाभर पाणी राहतंच, त्यात उभं राहूनच काम करावं लागतं.

बरेच जण दोन्ही टोकांनी भर घालत मधे येतात. दिसायला काम झपाट्याने सरकतं, पण तोंड जितकं अरुंद तितकी पाण्याला ओढ. शेवटच्या पाच-सहा फुटांत तळ खरवडून निघतो आणि टाकलेल्या गोण्या बुडाखालून वाहून जातात. म्हणून आम्ही सप्तमी-अष्टमीला बांबूच्या मेखांच्या दोन ओळी ठोकल्या, तळाला पेंढा दाबून त्यावर गोण्यांचे दोन थर पूर्ण तीस फूट सारखे बसवले. पाणी वरून जात राहिलं, पण पसरून.

नवमीला दहा वाजता पाणी बरंच उतरलं तशी चाळीस माणसं खाली उतरली. आठशे गोण्या आधीच भरून ठेवल्या होत्या, चिखलमातीच्या. रेतीची गोण झिरपते. गोण तोंडापर्यंत भरायची नाही, तीन भागांतले दोनच. मग ती दबून चपटी बसते आणि शेजारणीला धरते. ठासून भरलेली गोल राहते, तिच्या बगलेतून पाणी वाट काढतं. विटांसारखे सांधे मोडत सहा फुटांच्या दोन भिंती चढवल्या आणि मधल्या चार फुटांत चिखल. तो सात ब्रासच्या (शंभर घनफुटांचा एक ब्रास) वर लागला. माती बांधाच्या पायापासून पंचवीस हात लांबून आणली. पायाशी खड्डा काढला तर पुढच्या उधाणाला तिथूनच उमाळा फुटतो. वीतभर थर टाकायचा, पायांनी तुडवायचा, टाच रुतेनाशी झाली की पुढचा थर. बिनतुडवलेल्या चिखलात पोकळ्या राहतात.

पूर्वी मेखांना तिवराचं, म्हणजे खारफुटीतल्या झाडाचं, लाकूड वापरत. आता तिवर तोडायला बंदी आहे, आणि माझं मत विचाराल तर ती योग्यच आहे. समोर खारफुटी दाट असली की लाट बांधावर येईपर्यंत निम्मी मेलेली असते. ही खांड पडली तिथे नेमकी उघडी खाडी होती.

साडेचारला भिंत उभी राहिली. साडेपाचला चढतं पाणी गोण्यांना टेकलं, आणि खांडीपासून वीस हातांवर, जुन्या धड बांधाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याएवढी धार सुटली. खेकड्याचं बीळ. ओंजळीत पाणी धरून पाहिलं, गढूळ होतं. नितळ पाणी झिरपलं तर रात्र काढता येते; गढूळ म्हणजे ते बांधाची माती घेऊन निघालंय. एक पोरगा आतल्या तोंडात गोणपाट कोंबायला धावला, त्याला थांबवलं. आतून बूच मारलं की दाब बांधाच्या पोटात अडतो आणि भगदाड मोठं होतं. खाडीच्या अंगाने पाण्यावर भाताचा कोंडा टाकला. एका जागी तो गरगरला आणि खाली गेला. तिथे फावड्याने हातभर रुंद चर खणून बीळ पार उघडं केलं, आणि नवा चिखल तुडवत वरपर्यंत भरला. आतल्या बाजूला धारेभोवती गोण्यांचं कडं केलं, आत पाणी चढलं की दाब तुटतो. पावणेसातला धार नितळ झाली, मग थांबली.

एवढी धडपड कशासाठी, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. खारं पाणी एकदा शिरलं की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. नांगर घालायचा नाही, खालचं मीठ वर येतं. म्हणून मोड आलेलं बी फेकायचं, रहू करायचा. तेही काळा रता, भुरा रता या खारं सोसणाऱ्या भातांचं नाहीतर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या वाणांचं. याच पट्ट्यात चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ शेती न कसता खोतांशी संप चालवला. बांधाआडची जमीन पडीक ठेवणं म्हणजे काय, हे चिखल तुडवलेल्यालाच नीट कळेल.

सव्वासातला भरती थांबली. पाण्याची ओली रेघ वरून तिसऱ्या थरावर होती. मग उघाडीकडे, म्हणजे आतलं पाणी खाडीत सोडायच्या बांधातल्या दाराकडे, गेलो. भरतीने तिचं झडप बाहेरून दाबून बसवलं होतं, पण फटीत एक ओंडका अडकून चार बोटं पाणी आत येत होतं. तो काढला तेव्हा झडप धप्पकन बसलं. पौर्णिमेला सहा दिवस होते, आणि तेवढ्यात अजून चार फूट चढवायचे होते.