व्हॅन्जेलिसची क्यू-यादी: ‘ब्लेड रनर’ झाली, आता ‘द बाउंटी’

‘ब्लेड रनर’ची क्यू-यादी, म्हणजे त्यातल्या संगीताच्या प्रत्येक तुकड्याची (क्यूची) नोंद, अखेर हातावेगळी झाली. सिनेमात ग्रीक संगीतकार व्हॅन्जेलिसचं संगीत कुठे सुरू होतं, कुठे विरतं आणि त्यातलं अधिकृत अल्बमवर काय मिळतं, हे सगळं मिनिट-सेकंदांसकट एका तक्त्यात आलंय.

सिनेमा 1982चा. पण त्या वर्षी बाजारात आली ती ऑर्केस्ट्राकडून नव्याने वाजवून घेतलेली आवृत्ती. खुद्द व्हॅन्जेलिसचा अल्बम यायला 1994 उजाडलं, आणि त्यात मेन टायटल्सवरच संवाद चढवलेले! तो खोल घुमणारा ठोका आणि त्याच्या मागून वर चढत जाणारा यामाहा सीएस-80 या सिंथेसायझरचा पितळी स्वर; इथे मला कुणाचंही बोलणं नको असतं. 2007च्या तीन सीडींच्या संचातली दुसरी सीडी आधी न निघालेल्या तुकड्यांची होती, तिच्यामुळे तक्त्यातले बरेच रकाने भरले. तिसरीवर मात्र सिनेमावरून सुचलेलं नवं संगीत. ते चांगलंच आहे, पण ती जागा मूळ क्यूंना मिळायला हवी होती. काही रकाने अजून रिकामेच आहेत.

तक्ता करताना दोन गोष्टी कामी आल्या. 5.1 ट्रॅकमध्ये, म्हणजे सिनेमाच्या सहा चॅनलांच्या ध्वनीत, संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर असतात. तो बंद केला की बाजूच्या चॅनलांवरचं संगीत, रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) लांबलचक शेपटासकट, बरंच मोकळं ऐकू येतं. दुसरी गोष्ट वेगाची. पॅल या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर सेकंदाला 24 फ्रेम्सचा सिनेमा 25ने धावतो, म्हणजे सुमारे 4 टक्के जलद, आणि सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी इतका चढतो. अल्बमशी ताडून बघण्याआधी वेग उतरवून घ्यावाच लागतो, नाहीतर एकच टेक (एका वेळचं ध्वनिमुद्रण) दोन वेगळे वाटतात.

एक्सपांडेड आवृत्तीचा, म्हणजे अल्बमवर न आलेलं संगीतही असलेल्या आवृत्तीचा हट्ट सिंथेसायझरवरच्या संगीताच्या बाबतीत मला जास्त निकडीचा वाटतो. ऑर्केस्ट्राच्या संगीताच्या टेप हरवल्या तरी स्वरलिपी उरलेली असेल, तर वादक बसवून ते पुन्हा ध्वनिमुद्रित करता येतं. व्हॅन्जेलिस स्वरलिपी लिहीत नसे. पडद्यावर दृश्य चालू असताना तो वाजवत जायचा. सीएस-80वर प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा जाणवतो, त्यामुळे एकाच कॉर्डमधला एखादाच स्वर दाबून फुलवता येतो. हे कुठल्या कागदावर उतरणार? इथे टेप हीच मूळ संहिता. आणि टेप म्हातारी होते. वेंडी कार्लोसने ‘ट्रॉन’ या सिनेमाला दिलेल्या संगीताच्या मूळ टेप चिकट झाल्या होत्या, 2002ची सीडी निघण्याआधी त्या मंद आचेवर भाजून वाचवाव्या लागल्या. व्हॅन्जेलिस 2022मध्ये गेला. कुठला टेक कुठल्या दृश्याचा, हे आता त्याला विचारता येणार नाही.

म्हणून पुढचं काम ‘द बाउंटी’. 1984चा सिनेमा, पण स्वतंत्र साउंडट्रॅक अल्बम निघालाच नाही. 1989च्या ‘थीम्स’ या संकलनात सुरुवातीची आणि शेवटची टायटल्स तेवढी आहेत. 1982च्या ‘मिसिंग’चंही तेच, मुख्य थीमवर बोळवण. बूटलेगवर (अनधिकृत प्रतींवर) समाधान मानणारे आहेत, पण मला मूळ टेपवरून, क्यू सिनेमाच्या क्रमाने लावलेली, संवाद नसलेली आवृत्ती हवी आहे. अल्बमसाठी वेगळं मिक्स केलं असेल तर ते शेवटी जोडावं, मूळ काढून त्याच्या जागी नको.

‘बाउंटी’ची सुरुवातीची टायटल्स ‘थीम्स’शी ताडायला घेतली आहेत. त्यानंतर जहाजावरचे प्रसंग. तिथे लाटा आणि वाऱ्याचा आवाज संगीतावरच बसलाय, त्यामुळे क्यू नेमका कुठे सुरू होतो हे ठरवायला मधला चॅनल बंद करून भागणार नाही. हेडफोनवर एकेक प्रवेश सावकाश ऐकावा लागेल.