नळ पाच, टाकी एक

"फिरायचे पैसे मिळतात, मजा आहे बुवा तुझी," असं कुणी म्हणालं की मी हल्ली नुसती हसते. निव्वळ फिरण्याचे पैसे मला आजवर फार थोड्यांनी दिलेत. मिळतात ते परत आल्यावर बसस्टॉप नेमका कुठल्या दाराबाहेर आहे, शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि तिकिटाच्या मशीनला कार्ड चालतं का, हे नीट लिहून ठेवण्याचे.

माझ्या ब्लॉगवरचा सगळ्यात कमावता लेख असाच आहे. विषय: रात्री उशिरा विमानतळावर उतरलात तर शहरात कसं पोचायचं. त्यात एकही देखणं वाक्य नाही. याउलट डोंगरावरच्या एका पहाटेवर मी आठवडाभर जीव ओतला होता. मैत्रिणींनी वाचून वाहवा केली, आणि लेख तेव्हापासून पडून आहे. कारण सरळ आहे. विमानतळाची माहिती शोधणाऱ्याचं तिकीट काढून झालेलं असतं. त्याला टॅक्सी हवी असते, पहिल्या रात्रीपुरती खोली, फोनसाठी ई-सिम, जमलं तर प्रवासविमा. या प्रत्येकाची लिंक त्याच पानावर देता येते. पहाट वाचणारा अजून सोफ्यावरच असतो.

या लिंकांना अॅफिलिएट लिंक म्हणतात. वाचकाला एरवी पडले असते तेवढेच पैसे पडतात, कंपनी तिच्या वाट्यातून मला कमिशन देते. पण कधी देते, तिथे खरी गंमत. हॉटेलचं कमिशन साधारणपणे पाहुणा राहून गेल्यावर पक्कं होतं. एप्रिलमध्ये कुणी ऑगस्टची खोली घेतली तर डॅशबोर्डवर आकडा एप्रिलमध्येच चमकतो, आणि ऑगस्ट उलटेपर्यंत तो नुसता चमकतच राहतो. मधे बुकिंग रद्द झालं की गेला. (आणि मोफत रद्द करता येईल अशीच खोली घ्या, हे लेखात मीच आवर्जून सांगितलेलं असतं.) म्हणून माझ्या वहीत 'दिसलेले' आणि 'आलेले' असे दोन रकाने आहेत. पहिल्या रकान्याच्या जोरावर मी काहीही विकत घेत नाही. अॅमेझॉनचं आणखी वेगळं: लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये पडली नाही तर तुमचा संबंध संपला. शिवाय दर ठरवणार ते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत त्यांनी बऱ्याच प्रकारच्या वस्तूंवरचं कमिशन एका फटक्यात खाली आणलं, आणि करणार काय, कुणाशी भांडणार?

जाहिरातींबद्दल थोडक्यात. सुरुवात बहुतेक सगळे अॅडसेन्सपासून, म्हणजे आपल्या पानावर जाहिराती लावून देणाऱ्या गूगलच्या सेवेपासून, करतात. तिथे १०० डॉलर जमेपर्यंत पैसे सुटत नाहीत, आणि नवीन ब्लॉगला ते १०० जमायला किती काळ लागतो ते विचारू नका. वर्षाचा शेवट बरा जातो. जानेवारीत वाचक तेवढेच असले तरी कमाई धाडकन पडते, कारण सणासुदीच्या जाहिराती संपलेल्या असतात आणि कंपन्यांनी नव्या वर्षाचा हात अजून सैल सोडलेला नसतो. हे माहीत नसेल तर पहिला जानेवारी फार वाईट जातो.

आता माझा मुद्दा. उत्पन्नाचे स्रोत वेगवेगळे ठेवा, हा सल्ला सगळेच देतात. बहुतेक ब्लॉगरकडे जाहिराती, हॉटेलच्या लिंका, सहलींच्या लिंका, विमा आणि सामान असे पाच नळ असतात खरे, पण पाणी एकाच टाकीतून येतं, आणि ती टाकी म्हणजे गूगल. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने शोधाचे निकष बदलले तेव्हा अनेक स्वतंत्र प्रवास-संकेतस्थळांचे वाचक धडाधड घटले आणि पाचही नळ एकाच वेळी सुकले. मे २०२४ पासून अमेरिकेत शोधाच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर दिसू लागलं. "विमानतळावरून शेवटची बस किती वाजता" असल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं तर माझ्या पानावर यायचं कशाला?

म्हणून कुठल्याही नव्या उत्पन्नाला मी दोन प्रश्न विचारते. उद्या गूगलने माणसं पाठवणं बंद केलं तर हे पैसे येतील का? आणि २०२० सारखं प्रवासच थांबला तर? वरचे पाचही पहिल्याच प्रश्नात गारद होतात. स्वतः नेलेल्या छोट्या सहली पहिल्यात तरतात, कारण त्यांना माणसं ईमेल यादीतून येतात, पण दुसऱ्यात बुडतात. पीडीएफ मार्गदर्शिकांचं तसंच. वर दर हंगामाआधी वेळापत्रकं पुन्हा तपासायचं काम मागे लागतं, ते कुणी सांगत नाही.

प्रायोजित लेखांना ही कसोटी लावायच्या आधीच वैताग येतो. निम्म्या ईमेलमध्ये एकच मागणी: आमची लिंक टाका, पैसे घ्या, पण प्रायोजित असल्याचं कुठे लिहू नका. पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर तशी खूण असायला हवी हा गूगलचा नियम आहे, आणि वाचकाला स्पष्ट सांगायलाच हवं असा कायदा किंवा नियम कितीतरी देशांत आहे. असल्यांना मी उत्तरही देत नाही. जी कामं घेते त्यात फोटोंचं कलम आधी वाचते. एका पर्यटन संस्थेनं लेखासाठी दिलेले माझे फोटो पुढे आपल्या माहितीपत्रकात बिनदिक्कत छापले होते. आता फोटो कुठे वापरणार, किती महिने वापरणार आणि त्याचे वेगळे किती, हे लेखी आल्याशिवाय मी फाइल पाठवत नाही. आणि विमान-हॉटेल फुकट म्हणजे मानधन नव्हे. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दुसऱ्याच्या वेळापत्रकाने पळायचं त्याचा वेगळा दर असतो, तो मागायला लाजू नये.

दोन्ही प्रश्नांत पास होणारं माझ्याकडे एकच आहे, आणि ते अगदीच रुक्ष आहे: दुसऱ्यांसाठी लिहिणं. सॉफ्टवेअर कंपन्यांची मदत-पानं, वापराच्या सूचना, कधी कुणाचा वार्षिक अहवाल. ब्लॉगमुळेच हे काम मिळालं. पायरी-पायरीने समजावून सांगता येतं, हे त्यांना त्या विमानतळाच्या लेखात दिसलं. दर महिन्याचा एक आठवडा मी त्याला राखून ठेवते. त्याचं बिल ३० दिवसांत चुकतं होतं, आणि लेखाखाली माझं नाव नसतं.