अंगावर पाजत असताना लस घेतली: माझा अनुभव

लस घेतली म्हणून पाजणं थांबवावं लागत नाही, की दूध काढून ओतावं लागत नाही. कोविड, फ्लू, धनुर्वात, रुबेला, कांजिण्या या लशी पाजणाऱ्या आईला चालतात. मुख्य अपवाद पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा, जी काही देशांत जाण्याआधी घ्यावी लागते. तिच्यात जिवंत विषाणू असतो आणि तो दुधातून तान्ह्या बाळापर्यंत पोचल्याची नोंद आहे. बाळ नऊ महिन्यांच्या आतलं असेल, तर आधी प्रवासच पुढे ढकलता येतो का ते बघावं. देवीची जुनी जिवंत लसही नको.

मी फ्लू आणि कोविड एकाच वेळी घेतल्या. दोन दंडांत दोन सुया घेतल्या की दोन्ही हात धरतात, मग बाळ उचलायचं कोणी? म्हणून दोन्ही एकाच दंडात, मध्ये इंचभर अंतर ठेवून. दंडही आपण निवडायचा: बाळाचं डोकं ज्या हातावर असतं तो सोडून दुसरा. निघण्याआधी पोटभर पाजावं. लशीनंतर तिथे थांबवून ठेवतात, तेवढ्यात छाती भरून येते.

दुसऱ्या दिवशी दंड ठणकतो. तेव्हा दुखऱ्या कुशीवर न झोपता चांगल्या कुशीवर झोपून पाजावं. थोडं पुढे कललं की वरच्या बाजूचंही देता येतं. तापाला पॅरासिटामॉल चालतं, अ‍ॅस्पिरिन नको. सर्दीच्या गोळीचं पाकीट मात्र वाचूनच घ्यावं. त्यात स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असेल तर दूध कमी होऊ शकतं आणि खापर लशीवर फुटतं. ताप आहे म्हणून एखादी पाजणी टाळली तर दूध साचून गाठ होते, तो वेगळाच ताप.

लस घेतलेल्या बाजूच्या काखेत गाठ लागली तर आधी कुठे आहे ते चाचपून पाहावं. दुधाची गाठ सहसा स्तनात असते आणि पाजल्यावर मऊ पडते. लशीमुळे सुजलेली काखेतली गाठ पाजून बदलत नाही, काही आठवड्यांत आपोआप जिरते. सहा आठवड्यांनंतरही राहिली, किंवा स्तन लाल, गरम होऊन ताप हटेना, तर डॉक्टरांना दाखवायचं.

आता दुधातल्या अँटिबॉडीजचं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचं. आयजीए आणि आयजीजी हे त्यांचे दोन प्रकार. आजारातून उठलेल्या आईच्या दुधात आयजीए जास्त दिसतं, दंडातल्या कोविड लशीनंतर आयजीजी. २०२१ मध्ये इस्रायलमध्ये ८४ आयांचं दूध तपासलं, तेव्हा पहिल्या डोसनंतर दोन आठवड्यांनी ६१.८ टक्के नमुन्यांत आयजीए सापडलं. आयजीजी उशिरा वाढलं. दुसऱ्या डोसनंतर आठवड्याने ते ९१.७ टक्के नमुन्यांत होतं. म्हणजे सुई टोचून घरी आल्यावर पाजलेल्या दुधात काही नवं नसतं.

शिवाय ही अँटिबॉडी बाळाच्या रक्तात फारशी उतरत नाही. ती घसा आणि आतड्यांच्या अस्तरावर बसते, तिथेच जंतूला अडवते आणि मग निघून जाते. रोज पाजत राहिलं तर रोजचा थर चढतो; पाजणं थांबलं की थरही संपतो. बाळाच्या लसीकरणाची एकही तारीख त्यामुळे पुढे ढकलायची नाही. फ्लूची लस मात्र सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, म्हणून त्या वयात घरातल्या मोठ्यांनी ती घेणं जास्त महत्त्वाचं. माझ्या मते लस आईने स्वतःसाठी घ्यावी. दुधातलं संरक्षण वरकड.

काढून ठेवलेल्या दुधालाही हाच हिशेब. लशीआधी साठवलेलं दूध चांगलंच असतं, फक्त त्यात या नव्या अँटिबॉडी नसतात. म्हणून पिशवीवर तारीख हवी. फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने. गोठवल्याने अँटिबॉडी बऱ्याच टिकतात, उकळल्याने जातात. कोमट पाण्याच्या भांड्यात पिशवी ठेवून दूध गरम करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही.