सुरत लुटली तेव्हा समोर असलेला माणूस

सुरतेला जातोय म्हटलं की ओळखीतला एकजण तरी विचारतोच, "लुटायला का?" विनोद शिळा झालाय, पण या खेपेला मी खरंच त्या लुटीच्या मागावर होतो. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीचा मुख्य होता सर जॉर्ज ऑक्झेंडन. तो याच शहरात पुरलेला आहे.

कबरस्तान कतारगाम दरवाज्याकडे आहे. आजूबाजूला हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांची वस्ती आणि रिक्षांचा कलकलाट. आत गेल्यावर मात्र आपण साध्या क्रूसांच्या रांगा शोधत राहतो आणि दिसतात घुमट! कमानी, खांब, चुन्याचा गिलावा. पाटी वाचली नाही तर मुघल सरदारांचे मकबरे वाटावेत. मुघलांच्या राज्यात कापड आणि नीळ खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यांना मेल्यावर तरी उमरावांसारखं मिरवायचं होतं, असं माझं मत झालं.

सगळ्यात भव्य वास्तू ऑक्झेंडन बंधूंची. दोन मजली, सुमारे चाळीस फूट उंच. जॉर्जचा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला. त्याच्यासाठी कोरलेला लॅटिन मजकूर मला फार आवडतो, कारण तो एका कारकुनी डोक्यातून आलाय. त्याचा आशय असा: याला आपल्या खात्यात दिवसच मांडता आले, वर्षं नाहीत, कारण मृत्यूने अचानक हिशेबाला बोलावलं. मालकहो, तुमचा तोटा विचारता? तुम्ही नोकर गमावलात, आम्ही सोबती, त्याने प्राण. पण वहीच्या दुसऱ्या पानावर तो लिहू शकेल की मृत्यू हा माझा नफा. दुःखातही जमाखर्च सुटला नाही!

दहा वर्षांनी, १६६९ मध्ये, जॉर्जही इथेच आला. लुटीच्या वेळी सुरतेचा मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, वीरजी व्होरासारख्या धनाढ्यांचे वाडे फुटले, शहर जळत राहिलं. ऑक्झेंडनने मात्र सुवाळी बंदरातल्या जहाजांवरचे खलाशी बोलावून घेतले, वखारीची मोर्चेबंदी केली आणि पडघम वाजवत आपली माणसं शहरातून फिरवली. वखार वाचली. औरंगजेबाने खूश होऊन खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, दिली आणि जकातीत सूट दिली. शाळेत आपण ही गोष्ट एकाच बाजूने ऐकतो. थडग्यासमोर उभं राहून मला त्या माणसाबद्दल थोडा आदर वाटला, हे कबूल करायला हरकत नाही. महाराजांचा आदर त्याने कमी होत नाही.

याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन, जॉर्जचा पुतण्या, १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. राजवाड्याच्या दारातले हत्ती पाहून, एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे, असा प्रश्न त्याला पडला. त्याला पाठवणारा मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आंजिए. मुंबईची घडी बसवणारा हा माणूसही १६७७ मध्ये सुरतेतच वारला. काका लढला, पुतण्या नजराणा घेऊन आला, दहाच वर्षांत!

जवळच डचांचं कबरस्तान आहे. ऑक्झेंडनच्या थडग्याला मागे टाकण्यासाठीच डचांनी आपलं बांधलं, असं सांगतात. खरं असो वा नसो, चढाओढ डोळ्यांना दिसते. तिथे निजलाय हेंड्रिक फान रेडे, मलबारचा डच गव्हर्नर. डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येताना जहाजावरच तो गेला आणि इथे पुरला गेला. लष्करी माणूस, पण त्याने मलबारातल्या ७४०च्या वर वनस्पतींची चित्रं आणि माहिती बारा खंडांत जमवली. 'हॉर्टस मलबारिकस' हा तो ग्रंथ. त्यातलं मूळ ज्ञान इट्टी अच्युतन नावाच्या वैद्याचं, आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण. गोव्याहून दक्षिणेत गेलेल्या समाजातले. या माहितीबद्दल त्यांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात कोकणीत, देवनागरी लिपीत छापलाय. १६७८ साली, ॲम्स्टरडॅममध्ये! या तिघांचं स्मारक पाहायला मात्र तो खंडच उघडावा लागतो.

जायचं तर सकाळी लवकर जा, उन्हं चढली की घुमटांखेरीज सावली नाही. दोन्ही ठिकाणं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. दोन्ही मिळून अर्धा दिवस पुरे, मग लोचो हा सुरती फराळाचा पदार्थ खायला वेळ उरतो.