निवड प्रश्नांवर की शुल्कावर?

पदवीसाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अकरावीतल्या मुलांचे पालक हिवाळ्यात हमखास विचारतात, की एखाद्या नामांकित अमेरिकी विद्यापीठातला उन्हाळी कार्यक्रम केला तर प्रवेशाला उपयोग होतो का. विद्यापीठाचे नाव बाजूला ठेवून आधी अर्ज उघडावा आणि त्यात मुलाकडून नेमके काय मागितले आहे ते पाहावे, असे मी त्यांना सुचवतो.

गणितापुरते बोलायचे तर अमेरिकी गणितज्ञ अर्नोल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये सुरू केलेला रॉस कार्यक्रम आणि त्यातूनच घडलेल्या गणितज्ञांनी १९८९ मध्ये बॉस्टन विद्यापीठात उभा केलेला प्रॉमिस हा कार्यक्रम, हे दोन्ही सहा आठवड्यांचे आहेत आणि दोन्हींच्या अर्जात गणिताचे अवघड प्रश्न असतात, जे घरी बसून, अनेक दिवस झुंजून सोडवायचे असतात. सोसायटीतल्या एका मुलीने मला विचारले होते, "काका, प्रश्न सुटला नाही तर काय काय करून पाहिलं तेवढंच लिहिलं तर चालेल का?" चालते, किंबहुना तेच पाहिले जाते. रॉसमध्ये नंबर थिअरीचे, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांविषयीचे, विधान पुढे ठेवून 'सिद्ध करा किंवा खोडून काढा, आणि खोडले तर जमेल तितके वाचवा' असे सांगण्याची जुनी पद्धत आहे. पाठ केलेल्या सूत्रांवर वाढलेल्या आपल्या क्लासच्या मुलांना पहिल्यांदा ते फार जड जाते.

१९८४ पासून चालणाऱ्या, अमेरिकेतल्या एमआयटीत भरणाऱ्या रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट या उन्हाळी कार्यक्रमात जेमतेम शंभरेक मुले घेतली जातात आणि त्यांच्याकडून शिकवण्याचे, राहण्याचे वा जेवणाचे पैसे घेतले जात नाहीत. मात्र शुल्क आहे म्हणून कार्यक्रम हलका ठरत नाही. रॉस आणि प्रॉमिसही शुल्क घेतात, पण गरजूंना आर्थिक साहाय्य देतात. शंका घ्यावी ती अशा ठिकाणी, जिथे हजारो डॉलर भरण्याची तयारी हीच मुख्य पात्रता असते आणि विद्यापीठाचे फक्त वसतिगृह व वर्ग भाड्याने घेतलेले असतात. असे दोन आठवडे आनंदाचे जरूर असतील, पण प्रवेश समितीला त्यातून घरच्या ऐपतीपलीकडे फारसे काही कळत नाही.

वेळापत्रकाची अडचण खास आपली आहे. अर्जांच्या मुदती साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत येतात आणि कार्यक्रम जून ते ऑगस्टमध्ये, जेव्हा इकडे कनिष्ठ महाविद्यालये आणि जेईईचे क्लास सुरू झालेले असतात.

म्हणून पुण्यातल्या मे महिन्याकडे मी अधिक आदराने पाहतो. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणित संस्थेत गणित ऑलिंपियाड स्पर्धेची तयारी करणारी मुले वर्षानुवर्षे येत आहेत. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेने आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर काम करू दिले आहे. शिवाय आयओक्यूएम, आरएमओ आणि आयएनएमओ या गणित ऑलिंपियाडच्या परीक्षांच्या पायऱ्या चढून राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोहोचलेल्या मुलाची निवड ही कोणत्याही विकत घेतलेल्या प्रमाणपत्रापेक्षा वजनदार असते, आणि तिला व्हिसा लागत नाही. तरीही रॉस किंवा प्रॉमिसला जायचेच असेल, तर शिफारसपत्रासाठी गणिताच्या शिक्षकांना दिवाळीनंतर लगेच भेटावे, आणि सहा आठवड्यांच्या गैरहजेरीबद्दल महाविद्यालयाशी व क्लासशी पुढच्या वर्षाचे पैसे भरण्याआधीच बोलून घ्यावे.